लसीच्या चाचणीत सहभागी होताना : माझा अनुभव

लसीच्या चाचणीत नाव दिलं म्हटलं की लोक सुईबद्दलच विचारतात. अर्धा मिलिलिटर लस दंडात जायला काही सेकंद लागतात, तो भाग तेवढ्यावर संपतो. खरं काम त्याआधी आणि त्यानंतर असतं : विचारलेलं खरं सांगणं आणि घडलेलं नेमकं नोंदवणं. मी तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत प्रौढ गटात होतो. नाव द्यायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

संमतीपत्र बरंच लांबलचक असतं. ते घरी नेऊन वाचता येतं, तिथल्या तिथे सही करायची गरज नसते. मी त्यात आधी शोधलं ते हे : इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, एकूण किती रक्त घेणार, आणि लस मंजूर झाली तर दुसऱ्या गटाला, म्हणजे तुलनेसाठी ही लस न दिलेल्या गटाला, ती मिळणार का. दुसऱ्या गटाला नेहमी मिठाचं पाणीच (सलाइन) देतात असंही नाही. आफ्रिकेतल्या सात देशांत मलेरियाच्या आरटीएस,एस लसीची चाचणी झाली, तेव्हा तुलनेच्या गटातल्या ५ ते १७ महिन्यांच्या मुलांना रेबीजची लस दिली होती, म्हणजे त्यांनाही काही उपयोगाचं मिळालं. मुलांच्या चाचणीत सही पालकांची असते, पण समजण्याच्या वयाच्या मुलाचा होकारही वेगळा घेतात. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं. फक्त पुढचे डोस नको असले, तरी तब्येतीची विचारपूस चालू ठेवू द्यावी, कारण आधी घेतलेल्या डोसाचा हिशेब त्याशिवाय अर्धवट राहतो.

मग पात्रता तपासणी. चालू औषधं, अॅलर्जी, अलीकडे घेतलेल्या लसी, रक्त चढवलं होतं का, स्टेरॉइड चालू आहे का, स्त्रियांची गर्भचाचणी. यातला एकही प्रश्न उगाच नसतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद दबतो. चढवलेल्या रक्तातून दुसऱ्याच्या अँटिबॉडी (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) येतात आणि मोजणी फसते. जवळपास घेतलेल्या दुसऱ्या लसीमुळे ताप आला, तर तो कोणत्या लसीचा हे कळत नाही. ताप असेल तर बहुधा नाव कापत नाहीत, तारीख पुढे ढकलतात. म्हणून लपवू नये.

पहिलं रक्त सुईच्या आधी घेतात. अँटिबॉडींची पुढची वाढ त्याच्याशीच ताडून पाहायची असते. काही लसी दुधाळ असतात आणि सलाइन पारदर्शक, त्यामुळे सिरिंजवर पट्टी लावलेली असते किंवा टोचणारी व्यक्ती वेगळीच असते. आपल्याला कोणता गट मिळाला हे आपल्याला कळत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. नंतर किमान अर्धा तास बसवून ठेवतात. तीव्र अॅलर्जी झालीच तर बहुतेक वेळा लवकर दिसते आणि त्यावरचं औषध अॅड्रेनालिन हाताशी असतं. बरं वाटतंय म्हणून आधी उठू नये.

डायरी हा सगळ्यात चुकणारा भाग. पहिले सात दिवस रोज ठरलेल्या वेळी ताप बघायचा. तोंडात थर्मामीटर लावत असाल तर गरम-थंड प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबा. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त म्हणजे ताप. टोचल्या जागेची लाली दिलेल्या मोजपट्टीने सर्वांत रुंद ठिकाणी मोजायची, ‘थोडी’ असं लिहून चालत नाही. काही झालं नसेल तर शून्य लिहा. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, ती हरवलेली माहिती. मोबाइलवरची डायरी बऱ्याचदा ठरावीक वेळेनंतर बंद होते, आठवून भरू म्हटलं तर भरता येत नाही. पॅरासिटामॉल घ्यायची वेळ आलीच तर आधी ताप मोजा, मग गोळी घ्या, आणि नाव, मात्रा, वेळ लिहा. ताप येण्याआधीच गोळी घेऊन ठेवणं टाळा : चेक प्रजासत्ताकात बाळांवर झालेल्या अभ्यासात (२००९) असं केल्याने काही लसींचा अँटिबॉडी प्रतिसाद कमी पडल्याचं दिसलं.

लसीशी संबंध नाही असं वाटलं तरी दुखणं कळवायचंच. संबंध आपण ठरवायचा नसतो, दोन्ही गटांची तुलना केल्यावर तो दिसतो. अमेरिकेत रोटाशील्ड ही रोटाव्हायरसची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूची) लस मंजुरीनंतर साधारण वर्षभरात, १९९९ मध्ये, आतड्यात आतडं अडकण्याच्या दुर्मीळ त्रासामुळे मागे घेतली गेली. पुढच्या दोन रोटाव्हायरस लसींच्या चाचण्यांत म्हणूनच प्रत्येकी ६०,००० हून अधिक बाळं घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या संख्येतही एकेक नोंद मोलाची असते.

वयोगट बदलला की सगळं नव्याने तपासावं लागतं. बहुधा आधी प्रौढ, मग किशोर, मग लहान मुलं, शेवटी बाळं, अशी उतरती रांग असते. फायझरच्या कोविड लसीत १२ वर्षांपुढे ३० मायक्रोग्रॅम, ५ ते ११ वर्षांना १० आणि त्याहून लहानांना ३ मायक्रोग्रॅम डोस ठरला. त्यातही २ ते ४ वर्षांच्या मुलांत दोन डोसांचा प्रतिसाद अपुरा पडला, म्हणून तिसरा जोडला. उतारवयात मात्रेचं उलटं होतं, कारण प्रतिसाद मंदावतो. ज्येष्ठांसाठीच्या जादा मात्रेच्या फ्लू लसीत फ्लूच्या प्रत्येक विषाणू-प्रकाराचा घटक १५ ऐवजी ६० मायक्रोग्रॅम असतो. म्हणून ज्येष्ठांनी ‘आमचं वय झालं’ म्हणून मागे राहू नये, त्यांची उत्तरं त्यांच्याकडूनच मिळतात.

पुढचे महिने फोन, रक्त आणि वाट पाहणं. सर्दी-खोकला किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी केंद्राला कळवा. स्वॅब उशिरा घेतला तर विषाणू सापडत नाही आणि ती केस मोजलीच जात नाही. लस उपयोगी आहे का, हे या केसच्या मोजणीवरच ठरतं. बाहेर जाऊन स्वतःची अँटिबॉडी तपासणी करू नका : गटाचा अंदाज आला की वागणं बदलतं, सांगणंही बदलतं. रक्ताच्या भेटीला मागे-पुढे काही दिवसांचीच मुभा असते, प्रवास ठरला तर आधी कळवा. आणि सहभागी कार्ड पाकिटात ठेवा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तर ते आधी दाखवा. आणीबाणीत मिळालेली लस कोणती हे उघड करायची सोय असते, आणि त्यासाठीचा फोन नंबर त्या कार्डावरच असतो.