गेनचा पेच आवाज वाढवण्यासाठी नसतो

माझ्या गाडीत समोरच्या काचेलगतच्या खांबांवर बसवलेले दोन्ही ट्विटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारे छोटे स्पीकर, चार महिन्यांच्या आत पाठोपाठ गप्प झाले, आधी उजवा आणि मग डावा. दुसरा गेला तेव्हा तो मी स्वतः काढून टेबलावर उघडला. बोटाच्या पेराएवढ्या घुमटाखाली केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. ती काळी पडली होती आणि तिच्यावरच्या लेपाचा जळकट वास अजून येत होता. ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवून स्पीकरला देणारे यंत्र) बसवून देणाऱ्याने पहिल्या वेळी ‘ट्विटरच खराब निघाला’ असे सांगितले होते आणि मी ते मान्यही केले होते. पण दोन्ही बाजूंचे ट्विटर सारख्याच पद्धतीने जळाले, तेव्हा दोष त्यांच्यात नसून त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या सिग्नलमध्ये आहे, हे उघड होते. डिकीत वाकून ॲम्प्लिफायरची बाजू पाहिली, तर गेनचा पेच उजवीकडे शेवटपर्यंत पिळलेला होता, बास बूस्ट (खालचे स्वर वाढवणारी सोय) पूर्ण वाढवलेला होता आणि उंच व खालचे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरची कळ ‘फुल’वर, म्हणजे काहीच न गाळता, होती. त्यानंतरचे काही रविवार मी हे सगळे मुळापासून समजून घेण्यात घालवले आणि जे हाती लागले ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज गेनबद्दल आहे. हा पेच फिरवला की आवाज मोठा होतो, म्हणून तो आवाजाचाच पेच आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हेड युनिटकडून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या गाणी वाजवणाऱ्या यंत्राकडून, येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे, हे ॲम्प्लिफायरला सांगण्याचे काम तो करतो. बऱ्याच ॲम्प्लिफायरवर या पेचाभोवती ०.२ व्होल्टपासून ६ व्होल्टपर्यंतचे आकडे छापलेले असतात आणि हेड युनिटच्या आरसीए जोडणीतून (ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या केबलच्या जोडणीतून) २, ४ किंवा ५ व्होल्ट मिळतील असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. पेच ०.२ वर, म्हणजे उजवीकडे शेवटपर्यंत, ठेवला म्हणजे ‘०.२ व्होल्ट आले की तुझी सगळी ताकद लाव’ असे आपण ॲम्प्लिफायरला बजावतो. मग हेड युनिटने २ व्होल्ट पाठवले की त्याला देण्यासारखे काही शिल्लकच उरत नाही. तानपुऱ्याची खुंटी जास्त पिळल्याने स्वर अधिक सुरेल होत नाही, तो नेमक्या जागी यावा लागतो. गेनचेही तसेच आहे. तो वाढवायचा नसतो, जुळवायचा असतो.

ॲम्प्लिफायरची ताकद संपते तेव्हा काय होते, हे एकदा नीट समजले की पुढचे सगळे सोपे जाते. सिग्नलची लाट गोलाईने वर जाते आणि गोलाईनेच खाली येते. ॲम्प्लिफायरचे व्होल्टेज जिथे संपते तिथे तिचा माथा कापला जातो आणि डोंगराच्या जागी पठार तयार होते. यालाच क्लिपिंग म्हणतात. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे स्पीकरच्या तारेत सरासरी ऊर्जा वाढते. माथ्याची उंची तेवढीच ठेवून लाट पूर्ण चौकोनी झाली, तर तिची शक्ती गोल लाटेच्या दुप्पट होते आणि ती उष्णतेच्या रूपाने तारेत साठते. दुसरा परिणाम ट्विटरसाठी घातक आहे. कापलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर निर्माण होतात आणि पॅसिव्ह क्रॉसओव्हर (स्पीकरच्या तारेतच बसवलेला, वेगळी वीज न लागणारा) ते इमानाने ट्विटरकडे पाठवतो. संगीतात उंच स्वरांचा वाटा मुळात थोडा असतो आणि ट्विटरची रचना त्या बेताचीच असते. म्हणून बास जास्त दिला तरी जळतो तो ट्विटर, आणि आपण दोष भलत्याला देतो.

जुळवणी नेहमी उगमाकडून सुरू करावी लागते. हेड युनिटवरचा इक्वलायझर (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणारी सोय) सपाट करावा, लाउडनेस, बास वाढवणाऱ्या सोयी आणि इतर ‘इफेक्ट’ बंद करावेत, बॅलन्स (डावे-उजवे) आणि फेडर (पुढचे-मागचे) मध्यावर आणावेत. ब्लूटूथने ऐकत असाल तर फोनचा आवाज पूर्ण ठेवावा आणि फोनमधला इक्वलायझरही बंद आहे ना, हे पाहावे; फोनमध्ये वाढवलेला बास ॲम्प्लिफायरच्या पेचाने दुरुस्त होत नाही. ॲम्प्लिफायरवर बास बूस्ट शून्यावर, गेन सगळ्यात कमी आणि मोजणीपुरते फिल्टर बंद ठेवावेत.

मग हेड युनिटची स्वतःची मर्यादा शोधावी. पुष्कळ हेड युनिट आवाजाच्या शेवटच्या काही आकड्यांवर स्वतःच लाट कापू लागतात, आणि तिथे कापलेली लाट ॲम्प्लिफायर कितीही चांगला असला तरी पुन्हा गोल होत नाही. लाटेचे चित्र दाखवणारा ऑसिलोस्कोप असेल तर हे डोळ्यांना दिसते, पण माझ्याकडे तो नव्हता. मी एक हजार हर्ट्झचा शून्य डेसिबल पातळीचा (ध्वनिमुद्रणात शक्य तेवढ्या कमाल पातळीचा) टेस्ट टोन लावला, ॲम्प्लिफायरचा गेन तळाशी ठेवला आणि हेड युनिटचा आवाज एकेक आकड्याने वाढवत गेलो. हा टोन शिट्टीसारखा स्वच्छ आणि गोल असतो. माझ्या युनिटवर ४० पैकी ३४ पर्यंत तो तसाच राहिला. ३५ वर त्यात बारीक खरखर मिसळली, तारेवर कागद घासावा तशी, आणि ३६ वर ती स्पष्ट झाली. मी ३२ ही माझी कमाल पातळी ठरवली. ज्यांना एवढे करायचे नसेल, त्यांनी पूर्ण आवाजाच्या तीन चतुर्थांशावर थांबावे. बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते. मात्र ही खरखर स्वतःच्या कानांनी एकदा ऐकावीच असे मी आग्रहाने सांगेन, कारण एकदा ओळखता आली की पुढे कोणत्याही गाण्यात ती पकडता येते.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजणारे छोटे यंत्र. ॲम्प्लिफायर किती वॅटचा आहे आणि स्पीकर किती ओहमचा, हे माहीत असले की बाहेर पडायचे व्होल्टेज ओहमच्या नियमाने काढता येते: वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे. माझ्या पुढच्या दारांना प्रत्येकी ७५ वॅट मिळतात आणि ते स्पीकर ४ ओहमचे आहेत. गुणाकार ३००, वर्गमूळ १७.३, म्हणजे १७.३ व्होल्ट. सबवूफरचा, म्हणजे डिकीतल्या अगदी खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, ॲम्प्लिफायर ४ ओहमवर ३०० वॅट देतो. तिथे गुणाकार १२०० आणि उत्तर ३४.६ व्होल्ट. हिशेबात आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे, वॅटच घ्यावेत. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘मॅक्स’ वॅट घेतले तर सगळी मेहनत वाया जाते, कारण तो आकडा ॲम्प्लिफायर सलग देऊच शकत नाही. माहितीपत्रकात सीईए-२००६ या मानकाचा उल्लेख असेल तर आकडा विश्वासाचा समजावा, त्यात १४.४ व्होल्टच्या पुरवठ्यावर, ४ ओहमच्या भाराला, एक टक्क्यापेक्षा जास्त विकृती न होता मिळणारी शक्तीच मोजली जाते.

मोजताना स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरमधून काढून ठेवाव्यात. वेळ वाचवण्यासाठी स्पीकर जोडलेले ठेवून हे करू नये. शून्य डेसिबलचा सलग टोन पूर्ण ताकदीने स्पीकरला देणे म्हणजे त्याला जाणूनबुजून भाजणे आहे. गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन चालू ठेवावे, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या आसपास राहते. मीटर एसी व्होल्टवर घेऊन त्याची टोके त्या चॅनलच्या, म्हणजे त्या स्पीकरच्या वाटेच्या, अधिक आणि उणे अशा दोन्ही टर्मिनलना लावावीत. काळे टोक गाडीच्या पत्र्याला लावू नये आणि दोन्ही टोके एकमेकांना चिकटू देऊ नयेत. सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा टोन योग्य. इतर चॅनलसाठी सर्रास एक हजार हर्ट्झचा टोन सुचवला जातो, पण अनेक स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी व्होल्टेज भरवशाने दाखवत नाहीत. माझा मीटरही त्यातलाच निघाला. म्हणून मी फिल्टर बंद ठेवून तिथे १०० हर्ट्झचा टोन वापरला. हेड युनिट ठरवलेल्या पातळीवर ठेवून छोट्या स्क्रू ड्रायव्हरने गेन केसभर, केसभर वाढवत जावे. १५ व्होल्टच्या पुढे पेच जेमतेम हलला तरी आकडा उडी मारतो, तेव्हा हात हलका ठेवावा लागतो. माझा पेच शेवटी घड्याळातल्या दहाच्या आकड्याशी थांबला. आधी तो पाचच्याही पुढे होता.

मीटरने काढलेला हा आकडा वरचा बांध आहे, गाठायचे ठिकाण नव्हे, हे मला जरा उशिरा उमगले. त्याच्या पुढे जायचे नाही एवढेच तो सांगतो. सबवूफर तर बहुतेक वेळा त्याच्या बराच खाली ठेवावा लागतो, कारण बंद गाडीच्या छोट्या पोकळीत अगदी खालचे स्वर आपोआप वाढतात आणि मोजमापाने बरोबर असलेला सबवूफर कानाला जड वाटतो.

क्रॉसओव्हरसाठी मी ८० हर्ट्झपासून सुरुवात केली: दारांच्या स्पीकरना ८० च्या वरचे, सबवूफरला ८० च्या खालचे, दोन्हीकडे उतार, म्हणजे नको असलेले स्वर कमी करत जाण्याचा वेग, दर सप्तकाला २४ डेसिबलचा. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ४० हर्ट्झचे स्वर देण्याचा हट्ट सोडला की तो गायकाच्या आवाजाकडे मोकळेपणाने वळतो, आणि हा फरक गेनच्या जुळवणीपेक्षाही ठळक ऐकू येतो. डब्याला भोक असलेला, म्हणजे पोर्टेड सबवूफर असेल, तर अगदी खालचे स्वर अडवणारा सबसॉनिक फिल्टर जरूर चालू करावा. डबा ज्या स्वराला लावलेला असतो त्याच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही आणि तो वाजवीपेक्षा जास्त पुढे-मागे हलू लागतो.

बास बूस्टबद्दल माझे मत ठाम आहे: तो शून्यावरच असावा. दर ३ डेसिबल वाढीला दुप्पट शक्ती लागते, ६ डेसिबलला चौपट आणि १२ डेसिबलला जवळपास सोळा पट. ३०० वॅटच्या ॲम्प्लिफायरचा गेन नीट जुळवून नंतर बूस्ट ६ डेसिबलने वाढवला, तर ४५ हर्ट्झच्या आसपास आपण त्याच्याकडे १२०० वॅट मागतो. ते त्याच्याकडे नाहीत. मग तो लाट कापतो आणि आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत येतो. बूस्ट वापरायचाच असेल, तर तो आधी ठेवून त्याच स्वराच्या टोनवर गेन मोजावा, एवढाच प्रामाणिक मार्ग आहे.

मीटर बाजूला ठेवल्यावर कानाचे काम सुरू होते आणि मला त्यातच सर्वाधिक आनंद मिळाला. चालकाच्या जागेवर बसून ८० हर्ट्झचा टोन लावला आणि डिकीपाशी थांबलेल्या भावाला सबवूफरच्या फेजची कळ (लाट उलटी करणारी) ० वरून १८० वर न्यायला सांगितली. टोन लगेच भरीव झाला, जणू डिकीतून उठून डॅशबोर्डपाशी आला. दारांचे स्पीकर आणि सबवूफर इतके दिवस एकमेकांना खोडत होते. त्यानंतर तबल्याचे एक साधे ध्वनिमुद्रण लावले. डग्ग्यावर मनगट सरकते तेव्हा घुमारा खालून वर चढत जातो, आणि हा चढ सबवूफरकडून दारांकडे जाताना कुठे तुटतो का, हे ऐकण्यासाठी याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. सबवूफर जास्त असेल तर घुमाऱ्याचा पहिला भाग फुगतो आणि पुढचा विरतो. मी सबवूफरचा गेन तीन वेळा कमी केला, तेव्हा कुठे तो घुमारा एका हाताचा वाटू लागला. चाचणीसाठी आपल्याला पाठ असलेले ध्वनिमुद्रणच घ्यावे, आणि तासाभराने थांबावे, कारण मोठ्या आवाजात कान थकतो आणि थकलेला कान उंच स्वर वाढवायला लावतो.

ज्यांच्या हेड युनिटमध्ये टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडण्याची सोय) आहे, त्यांनी तेही करून पाहावे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. माझ्या डोक्यापासून उजवा स्पीकर ९० आणि डावा १४१ सेंटिमीटरवर आहे, म्हणून उजव्याला दीड मिलिसेकंदाचा उशीर दिला आणि गाणारा माणूस दारातून उठून काचेच्या मध्यावर आला.

एक अडचण मात्र कोणत्याही पेचाने सुटत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून चढत जाणारा बारीक सूर येत असेल, तर गेन कमी करून तो फक्त झाकला जातो. बहुधा ॲम्प्लिफायरची ग्राउंडची तार रंगावरच कसलेली असते किंवा आरसीए केबल बॅटरीच्या तारेला खेटून नेलेली असते. बॅटरीचे उणे टोक सोडवून, रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर आखूड आणि जाड तार घट्ट बसवली, तेव्हा माझ्या गाडीतला तो सूर गेला. त्यानंतर गेन पुन्हा मोजला, तर १७.३ च्या जागी १७.१ भरला; तो तसाच राहू दिला.

सगळे पेच आता जिथे आहेत, तिथे मी पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका लावला आहे आणि सगळे आकडे गाडीच्या कागदपत्रांत एका चिठ्ठीवर लिहून ठेवले आहेत. गाडी दुरुस्तीला जाऊन आली की गाणे लावण्याआधी मी डिकी उघडून ते ठिपके जागेवर आहेत का, हे पाहतो.