तळ्याचा फोटो

पहाटे तीनला नळाला पाणी आलं, चार दिवसांनी. पिंप भरता भरता परत तेच डोक्यात.

त्या दिवशी अलिबागहून मुरूडला गेलो. राजापुरीच्या धक्क्यावर आईनं हेलकावणारी शिडाची होडी बघितली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथं." मी फारसा आग्रह केला नाही. दादाशी आदल्या रात्री झालेलं मनात होतंच. ते जाऊ दे.

जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. नावाड्यानं हात धरून वर ओढून घेतलं. वेळ पाऊण तास. दारावर हत्तींना पंजात धरलेला तो वाघासारखा प्राणी, कलालबांगडी तोफ, छप्पर गेलेले वाडे. १९४८ पर्यंत सिद्दींचं संस्थान. १६८२ साली संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला होता, ते आठवून मी तटावर उभी राहिले, तर निघायची वेळ झाली.

परत आल्यावर आईनं एकच विचारलं. "आत माणसं राहायची म्हणतेस, मग पाणी?"

गोड्या पाण्याची तळी आहेत म्हटलं. चारी बाजूंनी खारं, मध्ये गोडं.

"दाखव की."

मोबाईलमध्ये तोफेचे अकरा फोटो. तळ्याचा एकही नाही. हिरवट पाणी बघून मी तशीच पुढं गेले होते.

तेव्हा गाडीत रडू आलं. रजा मी साठवली, गाडी मी ठरवली, पैसे मी भरले, आणि वाईट वाटून घ्यायचं तेही मीच? पण राग टिकेना. आमच्या घरात दिवस मोजतात ते पाण्याच्या पाळीनं. माझी दहावी असो, बाबांचं ऑपरेशन असो, पाण्याच्या रात्री ती जागीच. समुद्रात बांधलेल्या गावात तिला बघावंसं वाटलं असतं ते हेच, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही. एक फोटो. थांबायला किती वेळ लागला असता?

आज काकू पाइप मागायला आल्या तेव्हा आई त्यांना सांगत होती, "चारी बाजूंनी खारं पाणी हो, आणि आत गोडं तळं. खाली उतरायला दगडी पायऱ्या."

पायऱ्यांचं मी काही बोलले नव्हते. असतीलही. मला आठवत नाहीत.

मी मध्ये बोलले नाही. घागर भरली, दुसरी लावली.