कूलर चालू, खोली कोंदट

मे महिन्यात परभणीत कूलरची कामं करणाऱ्याला जेवायला फुरसत नसते. त्यात एका काकूंचा फोन आला, "भाऊ, कूलर नवा हाय, रात्रंदिवस चालू हाय, पण गारच वाटंना. उलट ह्यांचा जीव घाबरा व्हायलाय." काकांना दमा. बाकीची कामं मागं टाकून आधी तिकडं गेलो.

स्लॅबचं घर. आतल्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी भलामोठा पत्र्याचा कूलर. दार लावलेलं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. काका उघड्या अंगानं बसलेले, घामानं चिकचिक. चादर हाताला ओलसर लागत होती. कोनाड्यातली काडेपेटीसुद्धा सादळली होती, तीही भर उन्हाळ्यात!

पंप, मोटार पाहिली. तिन्ही बाजूंच्या गवतावर पाणी सारखं उतरत होतं. बिघाड कुठंच नव्हता.

मी दोन तापमापक जवळ ठेवतो. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं असतं. ओसरीत कोरडा दाखवत होता ४२ अंश, ओला २३. कूलर हवेला फार तर त्या ओल्या आकड्याजवळ नेतो, त्याच्या खाली नाही. खोलीत कोरडा ३३ आणि ओला ३०! एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, पण हवेतच पाणी मावेनासं झालं तर ते उडणार कुठं? एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, कूलर ते हवेत सोडतो. म्हणून एसीला बंद खोली लागते आणि कूलरला उघडी. विकताना हे कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. दम्याच्या माणसाला तर अशी कोंडलेली हवा फार जड जाते.

शेजारच्या दोन पोरांना हाताशी घेऊन कूलर बाहेरून उत्तरेच्या खिडकीला लावला, सज्जाच्या सावलीत, लोखंडी स्टँडवर. कडेच्या फटी प्लायनं बुजवल्या. समोरचं दार वीतभर उघडं ठेवलं.

"अहो, झळा आत येतील की!" काकू म्हणाल्या.

"नाही येणार काकू. कूलर हवा आत ढकलतोय, ती तिथनं बाहेरच पडणार." देवघरातली पेटती उदबत्ती आणून दाराच्या फटीशी धरली. धूर सरळ बाहेर ओढला गेला.

कूलरच्या तोंडाशी २८ अंश. थोड्या वेळानं काकांनी आपणहून उशी मागितली आणि आडवे झाले.

पाणी मात्र जास्त लागणार, हे काकूंना स्पष्ट सांगितलं. बाहेरची कोरडी हवा पाणी ओढतेच. नळाचं पाणी पिण्याला ठेवा, कूलरला बोअरचं चालेल, फक्त क्षार साचून गवत कडक झालं की बदलायचं आणि टाकी अधूनमधून रिकामी करायची. मृगाची ओल हवेत आली की पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.