बारा वर्षांचा नॉमिनी

एका विमा कंपनीच्या प्रपोजल फॉर्मचं मेंटेनन्स आमच्याकडे होतं. फॉर्म एक्सफॉर्म्समध्ये, म्हणजे वेब-फॉर्म बांधण्याच्या एका पद्धतीत, बांधलेला. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं हे २००३ सालचं स्टँडर्ड आता नव्याने फारसं कुणी घेत नाही, पण मला त्याची मांडणी आवडते: माहिती एका एक्सएमएल मॉडेलमध्ये, पडद्यावरचा रकाना त्यातल्या नोडला, म्हणजे माहितीच्या एकेका कप्प्याला, बांधलेला आणि नियमही नोडवरच. नॉमिनी अज्ञान असेल तर अपॉइंटी, म्हणजे त्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती, लागतो, म्हणून अपॉइंटीच्या नोडवर ‘रेलेव्हंट’ची अट होती: वय अठराहून कमी. अट खोटी ठरली की तो भाग पडद्यावरून तर जातोच, सबमिट होणाऱ्या एक्सएमएलमधूनही गळतो.

काही शाखांचे अर्ज परत येऊ लागले. सर्व्हरचा लॉग म्हणत होता, नॉमिनीचं वय बारा, अपॉइंटी नाही. आम्ही बारा टाकलं, भाग लगेच उघडला. सात टाकलं, सतरा टाकलं, तेच. शाखेतल्या बाई फोनवर वैतागल्या होत्या. “अहो, तो भाग इथे येतच नाही. भरू कुठे?”

शेवटी सर्व्हरपर्यंत जाणारं कच्चं एक्सएमएल मागवलं. वयाच्या नोडमध्ये होतं ‘१२’. चक्क देवनागरी! नाव-पत्ता मराठीतून भरायचा, कीबोर्ड मराठीवरच. एका आकड्यासाठी तो कोण बदलत बसणार?

एक्सफॉर्म्समधल्या अटी एक्सपाथ १.० या भाषेत लिहितात आणि तिला फक्त इंग्रजी आकडे कळतात. ‘१२’ म्हणजे तिच्या लेखी ‘नॅन’, संख्याच नव्हे. आणि नॅन अठराहून कमी आहे का, याचं उत्तर कायम ‘नाही’. नोडला टाइप, म्हणजे आत कोणत्या प्रकारची माहिती हवी ते, दिलेला नसल्याने एररही नाही. खरी गंमत पलीकडे. सर्व्हर जावाचा, आणि मजकुरातून पूर्णांक काढणारं जावाचं ‘पार्सइंट’ देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं. त्याने बारा ओळखले, लॉगमध्ये इंग्रजी आकड्यांत छापले आणि आम्हाला चकवलं.

नोडला इंटिजर (पूर्णांक) टाइप द्या, देवनागरी आकडा आला की एरर दाखवा, असं टीममधल्या एकाचं म्हणणं. मला पटलं नाही. बाईंनी वय बरोबरच लिहिलं होतं. अटीत एक्सपाथचं ‘ट्रान्सलेट’ हे फंक्शन घालून दहाही आकडे इंग्रजीत बदलून घेतले. शिवाय अट उलटी केली: वय अठरा किंवा जास्त असल्याची खात्री पटली तरच भाग लपवायचा. त्यामुळे कोऱ्या फॉर्मवर अपॉइंटी आधीपासूनच दिसतो. ते बरं दिसत नाही, अशी कंपनीची कुरकुर होती. आम्ही बधलो नाही.