तुम्ही विचारलंत म्हणून : वाटरझोईत जिरं

‘पण थोडा तरी आपला टच देत असालच ना?’

ब्रसेल्सच्या कंपन्यांत कामाला आलेली पुण्याची मुलं शनिवारी बेल्जियममधलंच गेंट शहर बघायला येतात, नदीकाठी फोटो काढतात, कुणाकडून तरी ऐकलेलं असतं म्हणून माझ्याकडे जेवायला येतात आणि मेन्यू उघडायच्या आधी हे विचारतात. वेंगुर्ल्याला गेलो की काका विचारतात, ‘गोऱ्यांकच गोऱ्यांचा जेवाण घालतंस? मगे तुजा काय त्यात?’ आणि गेंटची माणसंही विचारतात, फक्त फार अदबीने, वाइनचा घोट घेऊन झाल्यावर. सगळ्यांना माझं उत्तर एकच असतं: नाही. इथे मिळतं ते फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमच्या उत्तरेकडचं जेवण, जसं शिकलो तसं.

हे उत्तर खरं नाही. अकरा संध्याकाळींपुरतं खरं नाही. त्या संध्याकाळींबद्दल एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी विचारलंत की हेच हातात ठेवता येईल.

त्याआधी नेहमीची बाकीची उत्तरं. होय, स्टोफव्लेस म्हणजे गोमांसच, काळ्या बिअरमध्ये तीन तास शिजवलेलं, वर मोहरी फासलेला पाव विरघळू दिलेला. होय, फ्राईज बैलाच्या चरबीत तळतो. बिंत्ये जातीचा बटाटा, आधी दीडशे अंशांवर, मग गार करून एकशे ऐंशीवर. शाकाहाऱ्यांसाठी शेंगदाणा तेलाची वेगळी कढई आहे आणि ती खरंच वेगळी आहे, शपथ घालू नका. आणि होय, आईला मी स्टोफव्लेसचं वर्णन ‘मटणाचा रस्सा, पण गोडसर’ असं केलं होतं. ती गेली तोवर ते मटणच राहिलं.

आता ‘आपलं हॉटेल का नाही काढलं?’ हा जोडप्रश्न. कुठलं आपलं? इथल्या भारतीय हॉटेलात तंदूर असतो, बटर चिकन असतं. वेंगुर्ल्यात कुणाच्या परसात तंदूर होता? त्या भटारखान्यात मी तेवढाच परका ठरलो असतो, फक्त कुणाच्या लक्षात आलं नसतं. बोटीवरची नोकरी सोडून ऑस्टेंड बंदरात उतरलो तेव्हा किनाऱ्यावरच्या एका जुन्या रेस्टॉरंटला कोळंबी सोलणारे हात हवे होते. माझ्याकडे हात होते. बेल्जियन जेवणावरच्या माझ्या प्रेमाची सुरुवात एवढीच आहे. मुलाखतीत मी ते जास्त सुंदर करून सांगतो.

कोळंबी म्हणजे उत्तर समुद्रातली करडी, नखाएवढी. आपली करंदी डोळ्यांसमोर आणा. बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडून येते. मधोमध पिरगाळायची, शेपटीकडून ओढायची. किलोभर सोलली की तीनशे-साडेतीनशे ग्रॅम हाती लागते. बाकीची टरफलं फेकायची नाहीत, भाजून त्यांचं पाणी काढायचं, ते क्रोकेटच्या, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेल्या रोलच्या, सारणात जातं. जवळच ओस्टडुइनकर्क गाव आहे, तिथे अजून काहीजण घोड्यावर बसून समुद्रात शिरतात आणि घोड्याकडून जाळं ओढून घेतात. 2013 साली युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रापण आठवली, फक्त आमच्याकडे घोड्याच्या जागी चाळीस माणसं असतात आणि यादीत कुणी घेत नाही.

त्या रेस्टॉरंटच्या शेफने मला सगळं शिकवलं. दहा वर्षं. मी त्यांना ‘शेफ’ याखेरीज कधी काही म्हटलं नाही, ते मला पहिल्या दिवसापासून ‘पोरा’ म्हणत आणि मी पन्नाशीला आलो तरी म्हणत. कौतुक हा प्रकार नव्हताच. पातेल्यात चमचा बुडवायचे, चाटायचे आणि पुढच्या पातेल्याकडे जायचे. थांबले नाहीत म्हणजे बरं झालंय असं समजायचं.

2009 मध्ये गेंटला स्वतःचं काढलं, अठ्ठावीस खुर्च्या. गेंटमध्ये काढायचं तर वाटरझोई उत्तम हवी, दाटसर रश्श्याची ती डिश इथलीच. मुळात नदीतल्या माशांची असायची, पुढे कोंबडीची झाली. अख्खी कोंबडी मंद आचेवर उकडायची, लीक, गाजर, सेलरीचा कंद काडीसारखे चिरून वेगळे शिजवायचे, पाणी आटवायचं, शेवटी अंड्याचा बलक आणि क्रीम. एकदा बलक पडला की उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतं. रंग फिका, चव सौम्य. आमच्या काकांना दिली तर म्हणतील, आजारी माणसाचा आहार. पण ज्या दिवशी ती जमते त्या दिवशी त्यात कोंबडी, जमीन आणि दूध एवढंच लागतं, आणि ते साधायला मला सात वर्षं लागली होती.

उघडलं तेव्हा मी एका पत्रकाराला छाती काढून सांगितलं होतं की या दारातून एकही भारतीय मसाला आत येणार नाही. आज वाटतं, काय मूर्ख माणूस होता तो. एक तर कुणी विचारलं नव्हतं. दुसरं म्हणजे प्रत्येक फ्लेमिश आजीच्या फडताळात जायफळ असतं, स्टोफव्लेसमध्ये लवंग पडते, स्पेकुलोस बिस्किटात तर आपला अर्धा मसाल्याचा डबाच. 1501 साली पोर्तुगिजांचं मिरी-दालचिनी भरलेलं पहिलं जहाज अँटवर्पला लागलं. ती मिरी आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिणेकडून आली होती. मग ‘भारतीय मसाला’ म्हणजे नक्की कुठला? पण तेव्हा मला वाद नको होता, मला शुद्ध दिसायचं होतं. कातडीचा रंग असा असला की माणूस इतरांपेक्षा दुप्पट शुद्ध दिसायला बघतो. हे म्हणतो खरं, पण तेही थोडं सोयीचं स्पष्टीकरण आहे. मला मिरवायचंही होतं.

2013 च्या शरदात एका वृत्तपत्राचा परीक्षक जेवून गेला. परीक्षण चांगलं होतं. क्रोकेटची स्तुती, बिअरच्या यादीची स्तुती. आणि वाटरझोईबद्दल: शेफच्या जन्मभूमीतलं जिरं या जुन्या पदार्थाला हळूच जागं करतं, अशा अर्थाचं एक वाक्य.

माझ्या भटारखान्यात जिरं नव्हतं. घरीसुद्धा संपलेलं होतं. पाण्यात होती ती जायपत्री, तीही शेफच्या पद्धतीने चिमूटभर. तो माणूस आत येताना मला बघून आला होता आणि तेच त्याच्या जिभेला लागलं.

मी संपादकाला पत्र लिहायला बसलो. तीन मसुदे केले. मग मंगळवार आला. गेंटमध्ये मंगळवारी रात्री अठ्ठावीसपैकी दहा खुर्च्या भरल्या तर आम्ही खूश असायचो. त्या मंगळवारी सगळ्या भरल्या, आणि एकोणीस जणांनी वाटरझोई मागितली. बुधवारीही तेच. जेवणावरचा व्हॅट 2010 मध्ये 21 वरून 12 टक्क्यांवर आल्यावर मी जरा श्वास घेतला होता, पण बँकेचा हप्ता होताच आणि डीप फ्रीझरने मान टाकली होती. पत्र तसंच राहिलं. गुरुवारी एक बाई वाडगा अर्धा ठेवून म्हणाल्या, ‘छान आहे, पण ते जिरं कुठे आहे?’

शुक्रवारी दुपारी मी जाऊन जिरं आणलं.

कोरडं भाजलं, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि कोंबडीच्या पाण्यात सोडली. वीस मिनिटांनी काढली. सहायकाने बघितलं आणि नजर वळवली. चव? सांगतो, पण नंतर. लोकांना आवडली. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘आता कुठे हे तुमचं वाटतंय.’ चार वर्षं तो माणूस माझ्याकडे जेवत होता. म्हणजे चार वर्षं ते माझं वाटत नव्हतं.

अकराव्या संध्याकाळी शेफ आले. ऑस्टेंडहून आगगाडीने, न कळवता. परीक्षण त्यांनी वाचलं नव्हतं, ते कधी वाचत नसत. शेजारणीने सांगितलं होतं की पोराचं नाव पेपरात आलंय. ऐंशीच्या घरातले, कोट न काढता खिडकीजवळ बसले आणि वाटरझोई मागितली. दुसरं काय मागणार होते?

माझ्याकडे पर्याय होता. नवं पाणी करायला वेळ नव्हता, पण बाहेर जाऊन सांगता आलं असतं. मी पासवर, म्हणजे भटारखान्यातून ताटं बाहेर जातात त्या कट्ट्यापाशी, उभा राहिलो आणि वाडगा जाऊ दिला. त्यांनी चमचा बुडवला, चाखलं आणि थांबले.

दहा वर्षांत ते माझ्या पातेल्यापाशी कधी असे थांबले नव्हते. वाडग्यावर वाकले, वास घेतला. पुन्हा एक चमचा. मग सगळं संपवलं, पावाने वाडगा पुसला. पैसे द्यायचा हट्ट केला, दिले. मी कोट धरून दारापर्यंत गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता विचारलं, ‘सेलरी जुनी होती का?’

जिरं, सेलरी, गाजर, कोथिंबीर ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली. पन्नास वर्षं भटारखान्यात मुरलेल्या नाकाला काहीतरी चुकलेलं कळलं होतं, फक्त मी मुद्दाम काही केलं असेल ही शक्यता त्या नाकाला सुचली नव्हती. त्यांना वाटलं, पोराला कुणीतरी शिळा माल गळ्यात मारला.

मी म्हटलं, ‘हो शेफ. जुनी होती.’

‘माळी बदल,’ ते म्हणाले आणि स्टेशनकडे निघाले.

आणि मी बदलला. यावर माझी बायको अजून विश्वास ठेवत नाही. ती म्हणते, खोटं बोललास ते समजू शकते, पण ते खरं करायला का गेलास? शेफ दर रविवारी फोन करायचे आणि दुसऱ्या वाक्याला विचारायचे, भाजी कुठून घेतोस? मला त्यांच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून चार वर्षं पहाटे स्वतः कंद आणून देणाऱ्या, मातीसकट, एकदाही खराब न निघालेल्या माणसाला मी सांगितलं की तुझ्या सेलरीबद्दल तक्रार आली आहे. त्याने वाद घातला नाही. फक्त एक कंद पेटीतून उचलून माझ्यासमोर चिरला. आत पांढराशुभ्र. आम्ही दोघांनी तो बघितला. मग त्याने पेट्या परत गाडीत चढवल्या.

बाराव्या दिवशी पुरचुंडी बंद केली. महिन्याभरात मंगळवार पूर्वीसारखे झाले.

आता चवीचं. जिरं घातलेली वाटरझोई वाईट नव्हती. मी दहा वेळा तरी ठरवलं आहे की ती वाईट होती, आणि दहाही वेळा मला तो वास आठवतो, क्रीमच्या मागून येणारा, उबदार, आमच्या स्वयंपाकघरातल्या सोलकढीच्या फोडणीच्या जवळ जाणारा. कदाचित ती बरी होती. परीक्षणाआधी, माझं मला सुचून मी ती केली असती, तर आज मेन्यूवर असती आणि मी तुम्हाला कौतुकाने सांगितलं असतं की हा माझा टच. पण मला सुचलं नव्हतं. दुसऱ्याच्या कल्पनेतला भारतीय माणूस माझ्या पातेल्यात शिरला आणि मी त्याला पगारी ठेवला. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, चिमूटभर जिरं. मीही रात्री झोप येत नसेल तेव्हा हेच म्हणतो.

शेफना सांगायचं राहून गेलं. 2019 मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी रेस्टॉरंट आधी मार्चमध्ये बंद झालं, उघडलं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा बंद झालं, टेबलं आत लागायला जून 2021 उजाडला. तेवढे महिने मी खिडकीतून स्टोफव्लेसच्या बरण्या विकल्या. अर्धा चेहरा मास्कखाली होता. त्या सबंध काळात एकालाही माझ्या रश्श्यात जिरं लागलं नाही.

माळी अजून शुक्रवारी सकाळी फ्रायडागमार्क्टच्या बाजारात बसतो. रेस्टॉरंटचा माल मी दुसरीकडून घेतो, पण घरासाठी त्याच्याकडून एक कंद घेतो. कारण त्याला मी कधी सांगितलेलं नाही, आणि त्यानेही विचारलेलं नाही. पैसे घेतो, कंद उलटा करून मुळांची बाजू दाखवतो आणि म्हणतो, ‘आज पहाटेचा आहे.’