शेजारच्या खुर्चीतल्या वहिनी

अंडाशयाच्या कर्करोगासाठी दर तीन आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधे घेत असताना बोटांना आलेल्या बधिरपणाबद्दल मी घरी फारसे बोलत नसे, कारण ब्लाउजचे हूक लागत नाहीत हे ऐकून आईचेच डोळे भरून येत. केमोच्या कक्षात शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या वहिनींनी मात्र, मी न विचारताच, "हूक काढून वेल्क्रो लावून घ्या," असे सांगितले. सीए-१२५ ची (रक्तातल्या, या कर्करोगाचा माग ठेवणाऱ्या प्रथिनाची) पातळी ३५ च्या खाली, म्हणजे सामान्य मर्यादेत आली तरी पुढच्या तपासणीआधी झोप का उडते, हेही त्यांना समजावून सांगावे लागले नाही. आता त्या कक्षात भेटलेल्या आम्ही चौघी रक्ततपासणीच्या आदल्या रात्री एकमेकींना फोन करतो. त्यात अहवालाचा विषय क्वचितच निघतो. बहुतेकदा (माझ्या नवऱ्याला हे अजूनही खरे वाटत नाही) भाजीच्या भावांवरच बोलणे होते.