दुसरी बाजू

बुधवार, रात्रीचे पावणेतीन

नळाला दोनला पाणी येणार होतं, ते वीस मिनिटं उशिरा आलं. हौद भरला, वरची टाकी भरत आलीय आणि मी गच्चीवर चादर टाकून पडलोय. झोप उडालीय, पण ती पाण्यामुळे नाही. पाण्याची वाट बघता बघता आज एक अख्खा अल्बम ऐकला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये एकदाही मोबाइल हातात न घेता. मे महिना म्हणजे आमच्या सोलापूरच्या कारखान्यात शाळेच्या युनिफॉर्मची घाई. दिवसभर बिलं, कापडाचे तागे, कुठल्या शाळेचा चेक्स कमी पडला त्याचे फोन. त्यात ऊन असं की दुपारी गाडीच्या सीटवर बसवत नाही. अशा दिवसाच्या शेवटी डोकं इतकं निवेल असं वाटलं नव्हतं.

अल्बमचं नाव ‘मसाना टेंपल्स’, २०१८ चा. बँड किकागाकु मोयो, टोकियोचा, सायकेडेलिक म्हणजे तंद्री लावणाऱ्या रॉकचा. २०२२ ला तो थांबला. संध्याकाळी आईने नाव ऐकलं आणि विचारलं, “मसणातली देवळं का रे?” मसाना हा त्यांनी स्वतः घडवलेला शब्द आहे, सगळं गुण्यागोविंदाने नांदेल अशा जगासाठी, असं सांगितलं. “मग बरंय,” म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

त्यांची बरीचशी गाणी कुठल्याच भाषेत नसतात. जपानी नाही, इंग्रजी नाही. सुरावर जे अक्षर बसेल ते. मला यात काही अडत नाही. आमच्या गल्लीत सकाळपासून मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चार भाषा कानावर पडतात. लहानपणी त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी कोण रागावलंय आणि कोण जेवायला बोलावतंय ते बरोबर समजायचं.

या बँडमध्ये सतार होती आणि ती सजावटीला म्हणून आणलेली नव्हती. ड्रम वाजवणाऱ्या गो कुरोसावाचा भाऊ र्‍यु भारतात राहून सतार शिकला. परदेशी रॉकमध्ये सतार आली की बहुतेक वेळा ‘पूर्वेकडचं काहीतरी’ अशी पाटी लावल्यासारखी येते, दोन मींडी काढते आणि जाते. इथे ती गिटारच्या शेजारी चटईवर बसते. कधी गिटारच्या मागे जाते, कधी तिला ओढत नेते. ऐकताना मला एकदम मंगळवेढ्याकडचं शेत आठवलं. सतारीचे भोपळे आपल्या जिल्ह्यातून, त्याच भागातून मिरजेला जातात. शाळेत असताना मामाबरोबर तिकडे गेलो होतो, तेव्हा बांधाला वाळत ठेवलेले भोपळे पाहिले होते. कडू जातीचे, मोठाल्या घागरीएवढे. मामाने एकावर टिचकी मारली आणि आत पोकळी बोलली. “हा मिरजेला जाऊन गाणं शिकणार,” म्हणाला. ती टिचकी अजून कानात आहे.

किकागाकु मोयो म्हणजे भौमितिक नक्षी. हे कळल्यावर अंगाखालची चादर नीट बघितली. मोबाइलचा टॉर्च लावून. मरून जमिनीवर पांढरे शंकरपाळे, त्यांच्या पोटात लहान शंकरपाळे, कडेने पायऱ्या पायऱ्यांची वेल. उलटी केली तर तीच नक्षी, पण पांढऱ्या जमिनीवर मरून. आपल्या जेकार्ड मागावरच्या चादरीचं हेच वैशिष्ट्य, तिला वाया गेलेली बाजू नसते. एकच ताणा आणि एकच बाणा, वर येणारा धागा तेवढा बदलतो. त्यांची आठ-आठ, दहा-दहा मिनिटांची गाणी अशीच चालतात. चार सुरांची एक नक्षी सुरू होते आणि ती बदलत नाही, तरी पाचव्या मिनिटाला आपण चादरीच्या दुसऱ्या बाजूला असतो.

सायकेडेलिक म्हटलं की लोक लगेच नशापाण्यावर जातात. साठच्या दशकात तो संबंध होता, नाही म्हणत नाही. पण त्या लोकांनी मागे ठेवलेली खरी गोष्ट म्हणजे आवाजाकडे बघायची सवय. टेप उलटी फिरवून बघणं, एकाच सुराला प्रतिध्वनीत सोडून तो कुठवर जातो ते ऐकणं, तंबोऱ्यासारखा एक सूर धरून त्याच्यावर बाकीचं उभं करणं. त्यासाठी फक्त वेळ लागतो. मला तो आज पाण्याने दिला.

टाकी भरली. मोटार बंद करायला हवी.

गुरुवार

सकाळी उठल्या उठल्या कॉलेजच्या ग्रुपवर अल्बम टाकला. दोन ओळी लिहिल्या, ऐकाच म्हणून. दुपारपर्यंत सात अंगठे. ऐकला कुणीच नाही. एकाने अंगठा टाकल्यावर दोन मिनिटांनी त्याच खाली प्लॉटची जाहिरात टाकली.

वाईट वाटलं, पण राग नाही आला, कारण चूक माझ्याकडेही आहे. गर्दीत वस्तू भिरकावली तर ती कुणाचीच होत नाही. आमच्या लहानपणी नवी पेठेत कॅसेट भरून देणारी दुकानं होती. कोरी कॅसेट घेऊन जायचं, कागदावर गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट मिळायची. साठ मिनिटांची की नव्वदची, ए बाजूला काय, बी बाजूला काय, शेवटी तीन मिनिटं उरली तर तिथे कुठलं छोटं गाणं बसेल, एवढा विचार त्यात असायचा. थोरल्या बहिणीला मी दहावीत एक भरून दिली होती. ती लग्न होऊन विजापूरला गेली तेव्हा पेटीत साड्यांच्या मध्ये ती कॅसेट होती.

मला स्वतःला हे संगीत मिळालं तेसुद्धा असंच, एका माणसाच्या हातून. पुण्याहून येणाऱ्या एसटीत, भिगवण सोडल्यावर मित्राने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. “बोलू नको बे, टेंभुर्णीपर्यंत नुसतं ऐक.” तो टेम इम्पालाचा ‘लोनरिझम’ होता, २०१२ चा. खिडकीतून उजनीचं पाणी दिसत होतं आणि कानात ड्रम असा वाजत होता जणू पाण्याखालून येतोय. ते सगळं जवळपास एकट्या केविन पार्करने, ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या एका माणसाने, वाजवलंय हे नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की मित्राने हा अल्बम माझ्यासाठी राखून ठेवला होता.

शनिवार

भाची सुट्टीला आलीय. दहावी झालीय, आता अकरावीला कुठे जायचं याची घरात खलबतं चालू आहेत आणि ती मात्र गच्चीवर माझ्या स्पीकरपाशी. तिला ख्रुआंगबिन लावून दिलं. ह्यूस्टनचे तिघे, नाव थाई भाषेतलं, अर्थ विमान. साठ-सत्तरच्या दशकातलं थाई फंक ऐकून ऐकून ते या सुरापर्यंत पोचले. २०१५ चा पहिला अल्बम त्यांनी टेक्सासमधल्या एका खेडेगावात, शेतावरच्या कोठारात बसून रेकॉर्ड केला. लॉरा लीचं बेस गिटार इतकं मोकळं आहे की दोन सुरांच्या मधून वारा जातो.

भाचीने दोन गाणी ऐकली आणि म्हणाली, “मामा, छान आहे, पण यात कुणाला काही सांगायचंच नाहीये का?”

विचार करायला लावला तिने. मला त्यातलं न सांगणंच आवडतं. ती सोळाची आहे, तिला सांगणारं कुणीतरी हवंय. मग तिने मला ऐकवलं: दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा २०१९ चा ‘बिस्मिल्लाह’. मला वाटत होतं तिच्याआधी माझ्याकडे सगळं पोचतं. हे पोचलं नव्हतं. सूर्यकांत साहनीचा आवाज जुन्या काळच्या बॉलरूममधल्या गायकासारखा, मागे लग्नाच्या बँडसारखी पितळी वाद्यं, आणि सगळ्यावर एक पेंगुळलेली उदासी. काही गाणी मला सैल वाटली, मधला भाग उगाच लांबलाय असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “तुझी दहा मिनिटांची गाणी चालतात आणि माझी सहा मिनिटांची लांबतात?” बरोबर आहे तिचं. पुन्हा ऐकणार आहे, तिच्या म्हणण्याप्रमाणे, रात्री, दिवा बंद करून.

तिला सांगितलं की आपल्याकडे हे आजचं नाही. १९७० आणि १९७१ साली सिमला बीट स्पर्धेतल्या देशी बँडच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या, एका सिगारेट कंपनीच्या जोरावर, आणि त्यात गिटार चांगलीच भडकलेली आहे. पन्नास वर्षांपूर्वीची पोरं, असं म्हणून ती बराच वेळ गप्प होती. मग यादीत लिहून घेतलं.

रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

शेजारचे अन्ना यंत्रमागावर पस्तीस वर्षं होते. आधी चादरी, नंतर टॉवेल. पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. मागाच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत. अगदी ठार नाही, पण बारीक आवाज पोचत नाहीत. पाखरं, मोबाइलची रिंग, नातीचं हळू बोलणं. घरच्या अक्का त्यांना हाक मारत नाहीत, खाटेला हात लावून हलवतात.

संध्याकाळी गच्चीवर ते एकटेच बसले होते. मी स्पीकर घेऊन गेलो.

“काय लावूलालास बाबू?”

“गाणं आहे अन्ना, जरा वेगळं. ऐकता का?”

“मला काय ऐकू येतंय आता.”

स्पीकर खाटेच्या लाकडावर ठेवला आणि त्यांचा हात धरून त्याच्यावर टेकवला. लावला किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डचा ‘पॉलीगोंडवानालँड’. मेलबर्नचा हा बँड. २०१७ या एका वर्षात त्यांनी पाच अल्बम काढले आणि हा त्यातला चौथा, नोव्हेंबरमधला. त्यांनी तो फुकट सोडून दिला. मूळ फायली सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आणि सांगितलं, रेकॉर्ड छापा, कॅसेट काढा, तुमचाच आहे. मग जगभर लोकांनी आपापल्या मुखपृष्ठासह त्याच्या रेकॉर्डी छापल्या. नावातला गोंडवाना आपलाच आहे, मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून त्या पुरातन खंडाला नाव पडलं.

पहिलंच गाणं दहा मिनिटांच्या वरचं आहे. त्यात एक वाद्य वेगळ्या मात्रांत चालतं, दुसरं वेगळ्या. सुरुवातीला दोन महिने मला ते मोजता आलं नव्हतं. सम, म्हणजे फेरीचा पहिला ठोका, कुठे येते हेच कळायचं नाही.

अन्नांनी डोळे मिटले. हाताची बोटं पसरली, जसा डॉक्टर पोटावर हात ठेवतो तशी. मिनिटभर काही नाही. मग उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला. थोड्या वेळाने डाव्या हाताची तर्जनी मांडीवर, पण वेगळ्या वेगाने. मी बघतच राहिलो. पाय एक मोजत होता, बोट दुसरं. आणि काही फेऱ्यांनंतर दोन्ही एकाच क्षणी खाली आले, तेव्हा त्यांनी मान हलवली.

“दोन माग आहेत,” म्हणाले.

“म्हणजे?”

“शेजारी शेजारी दोन माग. एक जरा जोरात, एक जरा सावकाश. चालूलालेत आपापले. पण मधीच एकदा दोघांचा ठोका एकत्र पडतोय बघ. आम्ही चार माग सांभाळायचो बाबू. डोळ्याने कुठं कुठं बघणार? ठोक्यावरनं कळायचं, कुठला सुटलाय, कुठल्याचा धागा तुटलाय. ह्या माणसाचा धोटा कुठं अडकत नाही.”

मला पुढे काही बोलता येईना. त्या गाण्याबद्दल मी बरंच वाचलंय, वेगवेगळ्या मात्रा कशा गुंफल्यात ते कुणीकुणी आकडे मांडून दाखवलंय. कुणीही मला एवढं स्पष्ट समजावलं नव्हतं. मी पुन्हा ऐकलं, त्यांच्या पायाकडे बघत, आणि पहिल्यांदाच सम मला दिसली, येताना, लांबून.

नंतर किकागाकु मोयो लावलं. सतार सुरू झाली तेव्हा अन्नांचा चेहरा कोराच राहिला, ती त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. ते मला लागलं. ज्या सुरासाठी मी बुधवारी जागा राहिलो तो त्यांच्यासाठी नव्हताच, आणि ज्या आवाजाने त्यांना पस्तीस वर्षं भाकरी दिली त्यानेच तो नेला होता. पण बेस आला तसा हात पुन्हा स्पीकरवर घट्ट झाला. शेवटपर्यंत काढला नाही. अक्का चहा घेऊन आल्या, कप तसाच निवत राहिला.

“कुठले म्हणालास हे?”

“जपानचे.”

“तिकडं पण रात्रपाळी करतात वाटतं,” म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

मंगळवार

अन्नांच्या नातीने मेमरी कार्ड आणून दिलं. त्यांच्याकडे एक छोटा डबा आहे, एफएम आणि कार्ड दोन्ही चालणारा. त्यावर ते भजनं लावतात. ‘पॉलीगोंडवानालँड’ त्यात भरला. तो अल्बम भरून द्यायलाच बनवलाय, त्यामुळे मनात किंतु नाही. डबा लहान आहे, खालचे आवाज तो पेलत नाही, म्हणून नातीला सांगितलं की पत्र्याच्या कपाटावर ठेव, कपाट घुमेल. लहानपणी रेडिओ घागरीत ठेवायचो ती युक्ती.

ग्रुपवर आता टाकणार नाही. पुण्याच्या मित्राला, त्या एसटीवाल्याला, संध्याकाळी फोन केला. दोन वर्षांनी. त्याची आई गेल्यापासून तो फारसं ऐकत नाही म्हणाला. मी एकच नाव दिलं आणि कधी ऐकायचं तेही सांगितलं. “बरं,” म्हणाला. त्याच्यासाठी ‘मसाना टेंपल्स’च योग्य आहे, याबद्दल मला शंका नाही. शेवटाला अल्बम ज्या तऱ्हेने हळू होतो, तो त्याला हवाय.

आत्ता रात्री साडेनऊला मोटार लावायला वर आलो तर भिंतीपलीकडून कपाट वाजत होतं. अन्ना खाटेवर पालथे पडून एक हात पत्र्याला लावून होते. मला बघून आवाज कमी न करता ओरडले,

“बाबू, ही एक बाजू झाली! दुसरी कधी भरून देतोस?”